हाताच्या हालचालींकडून बोलण्याच्या हालचालींकडे: पोस्टडॉक शोधताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पीएचडी सहा-आठ महिन्यांत संपेल. विषय हाताच्या हालचालींचं अनुकूलन, म्हणजे रोबॉटचा दांडा धरून लक्ष्यापर्यंत हात नेणं, आणि सोबत ईईजी, म्हणजे डोक्यावरून मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद. आता स्पीच मोटर कंट्रोलमध्ये, म्हणजे मेंदू बोलण्याच्या हालचाली कशा चालवतो या विषयात, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं पद) करायचा आहे, पण ध्वनिशास्त्राचा एकही कोर्स झालेला नाही. जाहिराती फारशा दिसत नाहीत. वीसेक लॅबना मेल पाठवले, एकीचं उत्तर आलं आणि तेही नकाराचं. तर जागा शोधायच्या कुठे, आणि त्याआधी स्पीच थेरपीची एखादी पदवी घ्यावी का?

पदवीचं आधी सांगतो: नको. पोस्टडॉकसाठी कुणी ती मागत नाही. पुढे अमेरिकेत वाचा-श्रवण विज्ञान विभागात प्राध्यापक व्हायचं असेल, तर काही जाहिरातींत क्लिनिकल प्रमाणपत्राला प्राधान्य असतं. पण त्यासाठी आत्ता दोन वर्षं घालवण्यात अर्थ नाही. तुम्हाला ध्वनिशास्त्र लागेल ते कामापुरतं, आणि ते तीन महिन्यांत जमण्यासारखं आहे.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही ‘जागा कुठे आहेत’ असं विचारताय, पण खरी अडचण तिथे नाही. हे क्षेत्र लहान आहे आणि लॅबही छोट्या असतात, बऱ्याचदा एक किंवा दोनच पोस्टडॉक. अशा ठिकाणी लॅबप्रमुख एकच हिशेब करतात: हा माणूस आला तर चालू अनुदानातला कोणता प्रयोग सहा महिन्यांत उभा राहील? तुमच्या मेलमधून त्याचं उत्तर मिळत नसेल, तर तो मेल तसाच पडून राहतो. त्यात वाईट हेतू नसतो. ‘मला मेंदू आणि वाणी यांत रस आहे’ असे मेल त्यांच्याकडे बरेच येतात, त्यांचं करायचं काय हे त्यांना कळत नाही, एवढंच.

म्हणून आधी या क्षेत्राचे भाग वेगळे करून बघा, कारण प्रत्येक भागाला वेगळ्या हातांची गरज असते.

पहिला भाग वर्तन आणि अनुकूलनाचा. १९९८ मध्ये हूड आणि जॉर्डन यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की कुजबुजत बोलणाऱ्या माणसाला त्याच्याच आवाजातले फॉर्मंट (स्वराची ओळख ठरवणाऱ्या अनुनादाच्या वारंवारता) सरकवून ऐकवले, तर तो नकळत उलट दिशेला उच्चार बदलतो. तुमच्या क्षेत्रात शादमेहर आणि मुसा-इवाल्दी यांच्या १९९४ च्या फोर्स-फील्ड (रोबॉटने हाताला ढकलण्याच्या) प्रयोगाला जे स्थान आहे, तेच इथे या प्रयोगाला आहे. सॅन फ्रान्सिस्कोला हूड आणि नागराजन, विस्कॉन्सिन-मॅडिसनला पॅरेल आणि निझिओलेक, सिॲटलला लुडो मॅक्स, माँट्रियलला डेव्हिड ऑस्ट्री ही या भागातली परिचित नावं. ऑस्ट्रींच्या गटाने २००३ मध्ये जबड्याला रोबॉट जोडून त्यावर बळ लावलं आणि दाखवलं की आवाज न काढता नुसतं बोलण्यासारखं तोंड हलवतानाही माणूस त्या बळाशी जुळवून घेतो, पण तशाच दिसणाऱ्या, न बोलण्याच्या हालचालींत जुळवून घेत नाही. तुम्ही रोबॉटवर काम केलंय, त्यामुळे हा पेपर तुम्हाला आपल्या भाषेत लिहिल्यासारखा वाटेल.

दुसरा भाग संगणकीय मॉडेलचा. बोस्टन विद्यापीठातल्या फ्रँक गुंथर यांचं दिवा (डीआयव्हीए) मॉडेल, हूड-नागराजन यांची २०११ ची अवस्था-प्रतिसाद नियंत्रणाची मांडणी, आणि २०१९ चं फॅक्ट्स नावाचं मॉडेल. काल्मन फिल्टर, अवस्था-अनुमान, आंतरिक मॉडेल हे शब्द तुम्हाला नवे नाहीत, म्हणून इथे शिरणं सोपं आहे. मात्र निव्वळ मॉडेलवर पोस्टडॉक नेमणाऱ्या लॅब थोड्याच. बहुतेक ठिकाणी मॉडेल आणि प्रयोग दोन्ही करावे लागतात.

तिसरा भाग आजारांचा: अडखळत बोलणं, ॲप्रॅक्सिया (उच्चाराच्या हालचाली आखता न येणं), पार्किन्सनमधलं बोलणं, लहान मेंदूचा ऱ्हास, स्वरयंत्राचा डिस्टोनिया (स्नायू आपोआप आखडणं). मिशिगनला सू-युन चँग, ऑक्सफर्डला केट वॉटकिन्स, बोस्टनला क्रिस्टिना सिमोनियन. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो तो रुग्ण मिळवण्यात. विश्लेषण कितीही चांगलं येत असलं, तरी पहिल्या वर्षात हाती येणारा डेटा रुग्ण किती आणि कसे येतात यावर ठरतो.

चौथा भाग मेंदूत थेट इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांचा आणि वाणी-न्यूरोप्रोस्थेसिसचा, म्हणजे मेंदूच्या संकेतांवरून शब्द काढणाऱ्या यंत्रणेचा. सॅन फ्रान्सिस्कोला एडवर्ड चँग यांचा गट, स्टॅनफर्ड, यूसी डेव्हिस. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने मिनिटाला ६२ शब्द आणि चँग यांच्या गटाने ७८ शब्द या वेगाची नोंद केली, आणि तेव्हापासून या भागात अर्जांची झुंबड आहे. मशीन लर्निंगमधले लोकही इथेच येतात, त्यामुळे स्पर्धा सर्वांत तीव्र इथेच. आत शिरणं अशक्य नाही, पण नुसत्या ईईजीच्या जोरावर कठीण.

तुमच्या पार्श्वभूमीला पहिला भाग सर्वांत जवळचा, दुसरा जोडीला. तिसऱ्यात लहान मेंदूच्या रुग्णांवरचं काम तुमच्या कामाला थेट जोडता येतं. पॅरेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की लहान मेंदूचा ऱ्हास झालेल्या रुग्णांत सरकवलेल्या आवाजाशी हळूहळू जुळवून घेणं कमी पडतं, पण त्या क्षणी दिलेली भरपाई, म्हणजे उलट दिशेने केलेली दुरुस्ती, मात्र वाढते. हाताच्या हालचालींत याची जोडी कुठे सापडते आणि कुठे सापडत नाही, यावर तुम्ही अधिकाराने बोलू शकता.

तुमच्याकडे आहे ते या क्षेत्राला नेमकं का हवंय, हेही स्पष्ट असू द्या, कारण मेलमध्ये हेच लिहायचंय. हाताच्या अनुकूलनात मोठा वाटा जाणीवपूर्वक आखलेल्या डावपेचांचा असतो, आणि तो अव्यक्त शिक्षणापासून वेगळा काढण्याच्या पद्धती तुमच्याकडे तयार आहेत. बोलण्यात चित्र वेगळं आहे. बहुतेकांना फॉर्मंट सरकवल्याचं कळतही नाही, आणि ‘ऐकू येईल त्याकडे दुर्लक्ष करा’ असं सांगूनही भरपाई थांबत नाही. तरीही भरपाई अर्धवटच राहते, साधारणपणे दिलेल्या बदलाच्या पाव ते निम्म्या दरम्यान. ती पूर्ण का होत नाही? त्वचेची आणि स्नायूंची जाणीव विरोध करते म्हणून, चूक नेमकी कशामुळे झाली हे मेंदूला ठरवता येत नाही म्हणून, की शिकणं आणि विसरणं यांचा समतोलच तिथे होतो म्हणून? यावर अजून वाद आहे. प्रत्येक प्रयत्नागणिक शिकण्याचा दर आणि टिकण्याचा दर वेगळा काढणारी स्टेट-स्पेस मॉडेलं तुम्ही रोज वापरता. इथे ती आहेत, पण प्रत्येक लॅबमध्ये ती हातात खेळवणारा माणूस नसतो.

ईईजीचा मुद्दा जरा जपून मांडा. ‘मला ईईजी येतं’ एवढंच लिहिलंत, तर अनुभवी लॅबप्रमुखाच्या मनात पहिली शंका स्नायूंच्या गोंगाटाची येईल. ओठ आणि जबड्याचे स्नायू आवाज सुरू होण्याच्या शंभराहून अधिक मिलीसेकंद आधीच कामाला लागतात, आणि त्यांचे संकेत बीटा-गॅमा पट्ट्यांवर सरळ चढतात. त्यामुळे आवाजाच्या सुरुवातीला शून्य धरून त्याआधीचा काळ ‘नियोजनाचा’ म्हणून दाखवला, की परीक्षक हमखास हाणून पाडतात. मार्ग आहेत. काय बोलायचं याची खूण आणि ‘आता बोला’ यांत दीड-दोन सेकंदांचं अंतर ठेवून फक्त तयारीचा काळ पाहणं. बोलताना आणि तेच रेकॉर्डिंग नुसतं ऐकताना सुमारे १०० मिलीसेकंदांवर येणाऱ्या श्रवण-प्रतिसादाची तुलना करणं. ओठांचं ईएमजी (स्नायूंचे विद्युत संकेत) सोबत नोंदवून शून्य तिथून मोजणं. तुलनेत आणखी एक खोच आहे: बोलताना आवाज हाडांतूनही कानात पोचतो, नुसतं ऐकताना पोचत नाही, म्हणून दोन्हींची पातळी नुसत्या डेसिबलच्या आकड्यावर जुळवून भागत नाही. हे दोन-तीन वाक्यांत लिहिलंत, की वाचणाऱ्याला कळतं तुम्ही विचार करून आला आहात.

आता सर्वांत उपयोगी पडणारं काम: मेल पाठवायच्या आधी दोन-तीन आठवड्यांत हातात धरता येईल असा एक छोटा पुरावा तयार करा. फॉर्मंट सरकवण्याची मांडणी स्वतः उभी करून मोजा. शांकिंग साई यांनी लिहिलेलं ऑडॅप्टर हे मॅटलॅबमधून चालणारं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि अनेक लॅब तेच किंवा त्याच्या सुधारित आवृत्त्या वापरतात. त्यासाठी विंडोज संगणक, एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर असलेला ऑडिओ इंटरफेस, डोक्याला बसणारा मायक्रोफोन आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन लागतात. बहुतेक विद्यापीठांत श्रवणशास्त्र, भाषाशास्त्र किंवा संगीत विभागात हे उसनं मिळतं.

पहिली पायरी उशीर मोजण्याची, म्हणजे बोललेलं हेडफोनमध्ये किती वेळाने पोचतं ते पाहण्याची, आणि नव्या माणसाकडून तीच राहून जाते. सॉफ्टवेअर जो उशीर सांगतं तो फक्त त्याच्या प्रक्रियेचा. ड्रायव्हर, बफर आणि हार्डवेअर मिळून त्यात बरीच भर पडते. मायक्रोफोनचा संकेत दोन वाटांनी न्या. एक वाट इंटरफेसकडे जाऊ द्या, दुसरी थेट वेगळ्या रेकॉर्डरच्या डाव्या चॅनलला, आणि हेडफोनचं आउटपुट त्याच रेकॉर्डरच्या उजव्या चॅनलला. टाळी वाजवा, काही शब्द बोला, आणि दोन चॅनलांचा क्रॉस-कोरिलेशन (एक संकेत दुसऱ्यावर सरकवून जुळणी मोजणं) काढा. शिखर जिथे येईल तो तुमचा खरा उशीर. वीस-तीस मिलीसेकंदांच्या आत असेल तर उत्तम. पन्नासच्या वर गेला तर आधी पाहा की विंडोजचा साधा ड्रायव्हर चालू राहिलाय का, बफर मोठा आहे का, आणि इंटरफेस व सॉफ्टवेअर यांचा सॅम्पलिंग दर एकच आहे का. ही नसती उठाठेव नाही. आवाज १०० मिलीसेकंद उशिरा ऐकवला तर हे अनुकूलन जवळजवळ होतच नाही असं दिसून आलंय. म्हणजे उशीर न मोजता केलेल्या प्रयोगात ‘अनुकूलन कमी आढळलं’ या निष्कर्षाला किंमत नाही.

दुसरी पायरी फॉर्मंटचा माग नीट ठेवण्याची. एलपीसीचा, म्हणजे फॉर्मंट शोधणाऱ्या गणिती पद्धतीचा, क्रम पुरुषी आवाजासाठी १७ आणि स्त्रीच्या आवाजासाठी १५ हे ऑडॅप्टरचे सुरुवातीचे आकडे, पण ते प्रत्येकाला चालत नाहीत. क्रम कमी पडला की पहिला आणि दुसरा फॉर्मंट एकत्र होतात, जास्त झाला की मध्येच खोटा फॉर्मंट उगवतो आणि माग एकदम उडी मारतो. उंच पट्टीच्या आवाजात हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटी) एकमेकांपासून लांब असल्यामुळे पहिला फॉर्मंट जवळच्या हार्मोनिकला चिकटतो. म्हणून प्रत्येक सहभागी व्यक्तीचे वीसेक शब्द आधी नोंदवून, दोन-तीन क्रम लावून, स्पेक्ट्रोग्रामवर डोळ्यांनी पाहून क्रम निवडायचा. इथे घाई केली की पुढची सगळी आकडेमोड मातीत.

शब्द निवडताना इंग्रजीत बहुधा ‘हेड’, ‘बेड’, ‘डेड’ असे घेतात, कारण त्यांतल्या स्वराचा पहिला फॉर्मंट मधोमध असतो आणि वर-खाली दोन्हीकडे सरकवायला जागा मिळते. दीर्घ ‘ई’सारख्या स्वरात जीभ टाळूला बाजूंनी टेकते. तिथे स्पर्शाची माहिती ठाम असते आणि भरपाई कमी दिसते. म ल न असे नासिक्य किंवा द्रव वर्ण स्वराच्या शेजारी आले की फॉर्मंटचा माग बिघडतो, ते टाळा. हेडफोनमधून आवाज सुमारे ८० डेसिबलला आणि त्यात सुमारे ६० डेसिबलचा बोलण्यासारखा गोंगाट मिसळतात, म्हणजे हाडांतून येणारा खरा आवाज काही अंशी झाकला जातो. मायक्रोफोन तोंडाच्या कोपऱ्यापासून कायम एकाच अंतरावर ठेवा. समोर ठेवला तर ‘प’ आणि ‘ब’ची फुंकर थेट आदळते.

मग नेहमीचा आराखडा: ३० प्रयत्न बदलाशिवाय, ३० प्रयत्नांत हळूहळू वाढ, १०० पूर्ण बदलावर, ५० पुन्हा बदलाशिवाय. स्वतःवर आणि एखाद्या तयार मित्रावर एवढं करून पाहा. प्रकाशनासाठी नाही, तसं करायचं तर नैतिक समितीची मंजुरी लागेल. पाहायचं एवढंच की शेवटच्या टप्प्यात भरपाई लगेच शून्यावर येते की हळूहळू उतरते. हळू उतरली तरच अनुकूलन झालं म्हणायचं. लगेच गेली, तर जे दिसत होतं ती प्रतिसादावर त्या क्षणी दिलेली भरपाई होती, किंवा मोजमाप बिघडलेलं होतं. स्वराच्या सुरुवातीच्या ५०-१०० मिलीसेकंदांचा फॉर्मंट घेतला की हा भेद आणखी स्पष्ट होतो, कारण कानावरून आलेली दुरुस्ती उच्चारात उतरायला साधारण १०० ते १५० मिलीसेकंद लागतात. ती तिथवर पोचलेलीच नसते.

उपकरणं मिळणारच नसतील, तर खुला डेटा घ्या. हॅस्किन्स लॅबोरेटरीजचा आठ बोलणाऱ्यांचा जीभ-ओठ-जबड्याच्या सेन्सरांचा संच, विस्कॉन्सिनचा एक्स-रे मायक्रोबीम संच, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा ७५ जणांचा रिअल-टाइम एमआरआय संच, हे सगळे वापरता येतात. मेंदूतल्या इलेक्ट्रोडांकडे जायचंच असेल, तर स्टॅनफर्डच्या २०२३ च्या पेपरचा डेटा खुला आहे. तिथे नव्याने येणारा माणूस दोन ठिकाणी ठेचकाळतो. एक, प्रत्येक सत्रात संकेतांची पातळी सरकते, त्यामुळे प्रत्येक तुकड्याची पातळी वेगळी जुळवून (नॉर्मलायझेशन) घेतल्याशिवाय डीकोडर, म्हणजे संकेतांवरून शब्द काढणारा प्रोग्रॅम, चालत नाही. दोन, प्रशिक्षण आणि चाचणीची वाक्यं निष्काळजीपणे मिसळली की निकाल खोटाच चांगला दिसतो. या दोन्हींची काळजी घेतल्याचं तुमच्या कोडमध्ये दिसलं, तर बाकीचं साधं असलं तरी चालतं.

इथवरचं थोडक्यात: स्वतःला पहिल्या भागात बसवा, लहान मेंदू किंवा अपूर्ण भरपाई असा एक धागा धरा, आणि एक आकृती व वाचता येईल असा कोड एवढा पुरावा हातात घ्या. मग लॅब निवडा.

लॅब निवडताना जाहिरातींच्या आधी पैशाकडे पाहा. अमेरिकेत एनआयएचचं, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं, रिपोर्टर हे संकेतस्थळ कुणालाही मोफत पाहता येतं. तिथे ‘स्पीच मोटर कंट्रोल’, ‘ऑडिटरी फीडबॅक’, ‘सेन्सरीमोटर ॲडाप्टेशन’ आणि ‘स्पीच’ असं इंग्रजीत शोधून, बहिरेपणा व संभाषण विकारांच्या संस्थेच्या, म्हणजे एनआयडीसीडीच्या, चालू अनुदानांपुरती यादी गाळा. प्रत्येक नोंदीत प्रकल्पाचा सारांश आणि समाप्तीची तारीख असते. आर०१ अनुदान पाच वर्षांपर्यंत चालतं, आर२१ दोन. पाच वर्षांच्या अनुदानाचं पहिलं किंवा दुसरं वर्ष चालू असेल तर पोस्टडॉक नेमायला ती सर्वांत योग्य वेळ. आठ महिने उरले असतील तर नूतनीकरणाचं काय झालं हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. २०२५ मध्ये तिथली अनेक चालू अनुदानं मध्येच थांबवली गेली, त्यामुळे नोंदीत तारीख दिसते म्हणून पैसे नक्की आहेत असं धरून चालू नका. युरोपीय आयोगाच्या प्रकल्पांसाठी कॉर्डिस, ब्रिटनसाठी गेटवे टू रिसर्च, जर्मनीसाठी गेप्रिस ही अशीच संकेतस्थळं आहेत. सारांशात सहसा उद्दिष्टं लिहिलेली असतात, आणि ‘दुसऱ्या उद्दिष्टासाठी’ माणूस लागणार हे त्यावरून ओळखता येतं. जाहिरात निघायच्या आधी पोचायचं ते असं.

जाहिराती मुख्यतः परिषदांच्या आणि संस्थांच्या मेलिंग याद्यांवर फिरतात: न्यूरोबायोलॉजी ऑफ लँग्वेज, न्यूरल कंट्रोल ऑफ मूव्हमेंट, ध्वनिकी संस्था, स्पीच प्रॉडक्शन सेमिनार. तुमच्यासाठी न्यूरल कंट्रोल ऑफ मूव्हमेंटची परिषद खास सोयीची, कारण तिथे तुमचं आत्ताचं काम पोस्टर म्हणून बसतं आणि बोलण्यावर काम करणारे लोकही येतात. सोसायटी फॉर न्यूरोसायन्ससारख्या हजारोंच्या मेळाव्यात ओळख करायला जाण्यापेक्षा ती परवडते.

मेल छोटा लिहा, दोनशे शब्दांच्या आत. पहिल्या वाक्यात कोण, कुठे, पीएचडी कधी संपणार आणि कधीपासून उपलब्ध. दुसऱ्या परिच्छेदात त्यांच्या एका नेमक्या पेपरमधला एक नेमका प्रश्न, ज्याला तुमची पद्धत लागू पडते. उदाहरणार्थ: ‘तुमच्या प्रयोगात बदल काढून घेतल्यानंतर भरपाई उतरण्याचा वेग माणसागणिक वेगळा दिसतो, हा फरक शिकण्याच्या दराचा की टिकण्याच्या दराचा, हे वेगळं करण्याची पद्धत मी हाताच्या प्रयोगात वापरली आहे आणि तुमच्या आराखड्यावर लावून पाहता येईल.’ तिसऱ्यात तुमचा छोटा पुरावा, दुव्यासह. शेवटी विचारा: येत्या वर्षभरात जागा निघण्याची शक्यता आहे का, किंवा एखाद्या फेलोशिपसाठी तुम्ही यजमान व्हाल का? हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण पैसे नसलेले लॅबप्रमुख इथेच हो म्हणतात. बायोडेटा आणि एक पेपर जोडा. संपूर्ण प्रबंध जोडू नका, कुणी उघडत नाही. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. एकाच मजकुराचे वीस मेल पाठवण्यापेक्षा असे सहा मेल लिहायला जास्त वेळ लागतो, पण उत्तरं त्यांनाच येतात. आधी मेल गेलेल्या लॅबना पुन्हा लिहायला हरकत नाही, फक्त नवं काही दाखवायला असू द्या.

फेलोशिपचं गणित तुमच्या पासपोर्टवर आणि पीएचडीच्या तारखेवर अवलंबून आहे, आणि तुम्ही दोन्ही सांगितलेलं नाही. मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला नागरिकत्वाची अट नाही (युरोपातल्या प्रकारासाठी), पण यजमान देशात मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. अंतिम मुदत बहुधा सप्टेंबरमध्ये असते, म्हणजे यजमान वसंत ऋतूतच ठरवावा लागतो. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमची एक फेलोशिप खास अशा लोकांसाठी आहे ज्यांची पीएचडी जीवशास्त्राबाहेर, म्हणजे अभियांत्रिकी, भौतिकी किंवा संगणकशास्त्रात, झालेली आहे. तुमची पदवी अभियांत्रिकीची असेल तर हिच्याकडे जरूर पाहा. जर्मनीची हुंबोल्ट पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत. अमेरिकेत एनआयएचची एफ३२ ही पोस्टडॉक फेलोशिप फक्त नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी, पण के९९ (पोस्टडॉकमधून स्वतंत्र संशोधनाकडे नेणारं अनुदान) परदेशी माणसालाही मागता येते. तिथे अट पोस्टडॉकच्या वर्षांची, साधारण चारच्या आत. म्हणून पहिलं वर्ष वाया गेलं तर के९९ची वेळही हातची जाते. नियम बदलत असतात. अर्ज करताना त्या वर्षीचं पत्रक पाहा. अमेरिकेतल्या पगाराचा किमान आधार म्हणून बऱ्याच संस्था एनआयएचची शिष्यवृत्ती श्रेणी धरतात. २०२४ च्या आर्थिक वर्षात शून्य अनुभवाला ती वर्षाला ६१,००८ डॉलर होती. सॅन फ्रान्सिस्को आणि बोस्टनमध्ये एवढ्यावर कुटुंबासह राहणं ओढाताणीचं होतं, हे लॅबच्या नावाला भुलून विसरू नका.

मुलाखतीला बोलावलं तर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं भाषण असतं. त्यातली शेवटची पाच-सात मिनिटं बोलण्यावरच्या तुमच्या योजनेला द्या, नाहीतर ‘हाताचा माणूस’ असाच शिक्का बसतो. तुम्हीही विचारायचं आहे. मांडणी आज चालू आहे का, आणि तिचा उशीर शेवटचा कधी मोजला? सहभागी कोण आणतं, पोस्टडॉक की समन्वयक? नैतिक मंजुरी आहे की अजून मिळायचीय? मंजुरी मिळायची असेल आणि तुमचा करार एक वर्षाचा असेल, तर पहिले तीन-चार महिने कागदपत्रांत जातील. इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांवर काम असेल, तर वर्षाला किती रुग्ण येतात आणि एका रुग्णाची नोंद किती जणांत वाटली जाते? तिथे पहिल्या लेखकाचं नाव कसं ठरतं हे आधीच कळलेलं बरं. आधीचे दोन पोस्टडॉक आता कुठे आहेत, आणि त्यांच्याशी बोलता येईल का, हेही विचारा. या शेवटच्या प्रश्नावर आढेवेढे घेतले गेले, तर मी ती जागा घ्यायला सांगणार नाही.

करार एक वर्षाचा आणि ‘वाढवता येईल’ असा असणं नेहमीचंच आहे. वाढ कशावर अवलंबून आहे, कामावर की अनुदानावर, ते लेखी घ्या. आणि व्हिसाची कागदपत्रं कोण सुरू करणार, कधी करणार, याची तारीखही त्याच मेलमध्ये मागा. विभागाचं कार्यालय आणि लॅबप्रमुख या दोघांनाही ते दुसऱ्याने केलंय असं वाटत असतं, आणि त्यात रुजू होण्याची तारीख सहज पुढे जाते.